दार न उघडणारी गोगलगाय

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. इथली फरशी कायम ओली असते म्हणून उभ्यानेच घातला, पण मनातून पालथा पडलो आहे. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे आले की जास्त येतो? मी पत्र पाठवत नाही म्हणून तू आईसमोर माझा उद्धार करतेस असं कळलं. कर, तुझा हक्कच आहे. मी इथे खुशाल आहे. वजन वाढलं आहे, केस कापले आहेत आणि नोकरी अजून तीच आहे (हे तुला खरं वाटणार नाही, म्हणून परत लिहितो: नोकरी अजून तीच आहे). बेकरीतून मी पळालो, क्रेनवरून मला उतरवलं, लाकडाच्या वखारीत जीव रमला नाही, हे सगळं तुझ्या तोंडून सगळ्या नातेवाइकांना पाठ झालं आहे. या वेळी मात्र टिकलो आहे. निदान हे पत्र लिहीपर्यंत तरी.

मी काय काम करतो असं तू फोनवर विचारलं होतंस, मी 'संशोधन' म्हणालो होतो आणि तू जे हसलीस ते अजून माझ्या कानात आहे. तर खरं सांगतो. मी गाडी चालवतो, बादल्या वाहतो आणि काचेच्या बशा धुतो. संशोधन मॅडम करतात. मॅडम म्हणजे तुझ्याच वयाच्या, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त, आणि बोलणं इतकं मोजकं की त्या 'हं' म्हणाल्या तर मी दिवसभर त्याचा अर्थ लावत बसतो. त्यांचा सगळा जीव गोगलगायींत आहे. बागेतली पानं खाते ती नव्हे. डोंगरात वर झरे आहेत, त्यांच्या अगदी उगमाशी, शेवाळाखाली, मोहरीच्या दाण्याएवढी एक गोगलगाय राहते. शंख इतका पातळ की आतला जीव आरपार दिसतो. शंखाच्या तोंडाला छोटंसं झाकण असतं. कुणी शिंकलं, सावली पडली, पाणी जरा हललं, की आत जायचं आणि झाकण लावून घ्यायचं. मग तुम्ही काहीही करा, दार उघडत नाही. (मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आपल्या घरातल्या एका माणसाची आठवण झाली होती. कोण ते शेवटी सांगतो.)

आता खरी गोष्ट. या झऱ्याला दोन तोंडं आहेत, खालचं मोठं आणि वरचं लहान. खाली वस्तीला पाणी हवं म्हणून पाणीखात्याने दोन्ही तोंडं सिमेंटच्या टाकीत बांधून पाइप टाकायचं ठरवलं. त्यात कुणाची चूक नाही, बायका किती लांबून हंडे आणतात ते मी रोज बघतो. पण गोगलगायी राहतात फक्त वरच्या तोंडाशी, आणि मॅडम म्हणतात की जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मॅडम पाणीखात्याच्या साहेबांकडे गेल्या (मी दाराशी उभा होतो, म्हणजे मीही गेलो). साहेब माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "बाई, खालच्या तोंडावर भागतंय माझं. वरचं मी सोडून देईन. पण कागदावर काय लिहू? कुठली तरी बारीक गोगलगाय? वरचे लोक मला हसतील. तिला नाव असेल तर नावाने सोडतो." मुदत दिली दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची, ऑफिस सुटायच्या आत. त्यानंतर सही आणि मग सिमेंट.

नाव ठेवायचं म्हणजे बारसं नव्हे, आत्या. ही नवीन आहे हे आधी दाखवावं लागतं. खालच्या दरीतल्या झऱ्यात अशीच एक गोगलगाय आहे, तिला नाव आधीपासून आहे. शंख बघून दोघींत फरक करणं देवालाही जमणार नाही. फरक फक्त एका ठिकाणी आहे, आणि इथून पुढे पत्र मोठ्याने वाचत असशील तर थांब, आतोबांना चहा करायला पाठव आणि मनात वाच. तर फरक नराच्या, म्हणजे पुरुष गोगलगायीच्या, त्याला देवाने दिलेल्या त्या अवयवात आहे. दरीतल्याचा सरळ. आमच्याकडच्याचा शेवटी दोन फाटे फुटलेला, असं मॅडमना एकदा ओझरतं दिसलं होतं. (तो असतो मानेच्या मागे. कसा काय, ते मला विचारू नकोस. मीही विचारलं होतं, तर मॅडम 'हं' म्हणाल्या.) हे चित्र काढायचं तर नर शंखाबाहेर पूर्ण ताणलेला असायला हवा आणि तसाच्या तसा स्पिरिटमध्ये जपायला हवा. आत मिटलेला मेला तर त्याचा काही उपयोग नाही.

आणि इथे तुझ्या भाच्याने घोळ घातला. वरच्या झऱ्यातून बादल्या भरून आणलेल्या गोगलगायी बशीत काढून ठेवल्या होत्या. मॅडम साहेबांकडचे कागद करायला शहरात थांबल्या आणि मला फोनवर म्हणाल्या, "बशीतल्या गोगलगायींना झोपव, आणि तासाभराने स्पिरिटमध्ये टाक." आता तूच सांग, झोपव म्हटल्यावर माणूस काय करतो? मी खोलीचे पडदे ओढले. दिवा घालवला. बशीवर ओला रुमाल पांघरला. एवढंच नाही, बाहेर रस्ता खणणाऱ्यांना जाऊन सांगितलं की जरा हळू, आत झोपलेत. तासाभराने चवड्यावर चालत आलो आणि हळूच सगळ्या स्पिरिटमध्ये सोडल्या. टक टक टक करून सगळ्यांनी दारं लावून घेतली आणि तशाच गेल्या. झोपवणं म्हणजे पाण्यात पुदिन्याचं फूल, म्हणजे तो थंडगार वासाचा पांढरा खडा, टाकून त्यांना गुंगी आणणं, हे मला मॅडम परतल्यावर कळलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोक्यावरून काढला, पुसला, परत डोक्यावर ठेवला आणि स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. किती वर्षं त्या हे करतायत ते मला माहीत आहे, आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडून होते.

डोंगरावर परत जावं तर पाइपच्या खोदकामाने पाणी चिखल झालेलं, त्यात मोहरीएवढं काही सापडणं शक्य नाही. मी सगळ्या बादल्या पालथ्या घातल्या. एका बादलीच्या तळाला सडकं पान चिकटलं होतं, त्याच्या खाली चार-दोन गोगलगायी जिवंत निघाल्या. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली एकेक बघितली. मादी, मादी, मादी. मग त्या म्हणाल्या, "हा नर." एवढ्यात त्याने आत जाऊन झाकण लावून घेतलं, कारण माझा पाय टेबलाला लागून हलत होता. आत्या, तू लहानपणापासून सांगत आलीस, पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मीचं मला माहीत नाही, पण गोगलगाय जाते हे मी डोळ्यांनी बघितलं.

आता उरला एकच नर आणि तोही दार लावून बसलेला. पुदिन्याचं फूल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली स्टोअरवाल्याच्या खिशात, आणि स्टोअरवाला मुलीच्या बाळंतपणाला गावी. मॅडम दुसऱ्या खोलीत त्याला फोन लावत होत्या आणि तो उचलत नव्हता. त्यात पाणीखात्याचे साहेब स्वतःच येऊन बसले. म्हणाले, झऱ्याकडूनच आलो, जाता जाता बघून जातो. त्यांच्या हातात सहीचे कागद होते. मी चहा दिला. ते बशीकडे बघत होते, मी घड्याळाकडे, आणि तो झाकणाआड.

माझं डोकं ठणकायला लागलं म्हणून मी खिशातून तुझ्या मलमाची डबी काढली. झाकण उघडलं आणि वास आला तसा हात थांबला. स्टोअरवाल्याच्या कपाटातून येतो तोच वास. तू स्वयंपाकघराचं दार आतून लावून तो मलम करतेस, वहिनीने लग्न होऊन आल्यापासून विचारलं, आईने हात जोडले, तरी त्यात काय घालतेस ते तू कुणाला सांगितलं नाहीस. पण नाकापासून थोडंच लपतं? मी आगकाडीच्या टोकावर तांदळाएवढा मलम घेतला आणि बशीच्या काठाला, पाण्याला जेमतेम टेकेल असा, लावला. साहेब म्हणाले, "अहो, हे काय करताय?" मी म्हणालो, आत्याचा मलम आहे, डोकेदुखीवर. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "डोकं त्याचं दुखतंय का?"

मॅडम आत आल्या, दारातच त्यांना वास आला. त्यांना वाटलं, होता तोही मी मारला. बशी उचलायला हात पुढे केला आणि तसाच हवेत राहिला, कारण झाकण हललं होतं. केसाएवढी फट पडली. मी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा दाबून धरला. साहेबांनी कप खाली ठेवायचा तो हातातच धरून ठेवला. एक शिंग बाहेर आलं, मग दुसरं. तेवढ्यात साहेबांचा फोन खिशात थरथरला आणि दोन्ही शिंगं अर्धी आत. साहेबांनी आयुष्यात कुणाचा फोन इतक्या घाईने बंद केला नसेल. बाहेर रस्ता खणायचं यंत्र चालू होतं, मी देवाला म्हणालो, ते चालवणाऱ्याला एकदा चहा प्यायला जाऊ दे. ते बंद पडलं. (जेवायची सुटी होती, पण मी देवाचे आभार मानून टाकले.) मग तो हळूहळू, आळस देत यावं तसा बाहेर आला, लांब, सैल, पूर्ण. मॅडमनी ब्रशचा एक केस त्याला लावून बघितला. हलला नाही. त्यांनी स्पिरिटचा थेंब सोडला, मग दुसरा. दार उघडंच राहिलं.

मायक्रोस्कोपमध्ये दोन फाटे होते. अगदी स्पष्ट. मॅडमनी साहेबांना बघायला बोलावलं. साहेब एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे आहे काय?" मॅडमनी जसं आहे तसं एका वाक्यात सांगितलं. साहेब सरळ झाले, त्यांनी कोटाचं बटण लावलं, आणि सहीचे कागद परत पिशवीत घातले. जाताना दारातून मला म्हणाले की माझंही डोकं हलकं झालं, ती डबी कुठे मिळते?

तर असं आहे. बाकी सगळं ठीक. आईला नमस्कार, आतोबांना नमस्कार, वहिनीला सांग भाऊजी सुधारलेत. तुझ्या गुडघ्यांना जप आणि माझ्यावर लोभ ठेवतेस तसा ठेव, टोमण्यांसकट.

तुझा,
पाय न हलवणारा भाचा

ता. क. एक छोटंसं काम होतं, लिहायचं राहिलं. मॅडमनी सगळं लिहून, चित्र काढून जिथे छापायचं तिथे पाठवलं होतं. तिथल्या तपासनिसांनी ते परत पाठवलं आहे. बाकी सगळं मान्य, फक्त एक शंका: जनावराला गुंगी आणायला वापरलेल्या 'घरगुती मलमा'त नक्की काय काय आहे? म्हणजे फाटे त्याचे स्वतःचे, की मलमाने फुटलेले? (आतोबा इतकी वर्षं तो लावतायत, त्यांना कुठे काही फुटलं नाही, असं लिहा असं मी सुचवलं. मॅडम 'हं' म्हणाल्या.) साहेबांनी वरच्या तोंडाचं काम थांबवलंय, पण छापील कागद मागतायत आणि वरून त्यांना रोज फोन येतायत. तेव्हा कृती पाठव. वहिनीला कळायची भीती नको. हे अशा भाषेत आणि अशा मासिकात छापतात की आपल्या घरातल्या कुणाच्या सात पिढ्यांना वाचता येणार नाही. सगळ्या जगाला कळेल, पण वहिनीला नाही.

ता. क. दुसरं, हे जरा बसून वाच. मॅडमनी गोगलगायीला तुझं नाव द्यायचं ठरवलं. मला विचारलं, आत्याला घरात काय म्हणतात? मी तेव्हा बशा धूत होतो, घाईत होतो, तोंडातून खरं गेलं. तुझ्यामागे सगळे, म्हणजे आई, वहिनी आणि आतोबासुद्धा, तुला कुलूपआत्या म्हणतात. मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच लिहून टाकलं. झाकण लावून बसणारी म्हणून शोभतं, असं म्हणाल्या. आता गोगलगायीचं आडनाव काहीतरी लांबलचक आहे आणि नाव कुलूप. छापलं की कायमचं, कुणालाच बदलता येत नाही. छापायच्या आधी एका चिठ्ठीने बदलतं. तेव्हा चिठ्ठी पाठव, आणि पाठवतेसच तर त्याच पाकिटात कृतीही घाल.

ता. क. तिसरं. तू म्हणशील, मी कृतीच दिली नाही तर छापणार नाहीत आणि ते नावही लागणार नाही. बरोबर आहे, हे मला पाकीट चिकटवताना सुचलं, म्हणून परत उघडलं. पण मग वरच्या तोंडावर सिमेंट पडेल, आणि त्या सगळ्या आतून दार लावूनच जातील, आपण कोण होतो ते कुणाला न सांगता. डबीत तळाला थोडा मलम उरला आहे. डोकं दुखलं तरी मी लावत नाही.