कच्च्या द्राक्षांचा रस

पोमार, ४ ऑगस्ट

प्रिय सोलेन,

वाइन सोडून तुला आता दोन वर्षे होतील आणि या घराची पायरी सोडून चार महिने. ईस्टरच्या जेवणानंतर तू आली नाहीस, मीही बोलावले नाही; हट्ट दोघांनीही नेटाने सांभाळला. आज मात्र माझ्याकडे एक बातमी आहे आणि ती तुलाच सांगायची आहे.

जूनपासून मी पॅनशी झगडतो आहे. कोंबडी परतून काढल्यावर तळाला जी तपकिरी खरवड चिकटते, ती आपल्या घरी कायम वाइन ओतूनच सोडवली गेली. सत्तेचाळीस वर्षे द्राक्षमळा राखलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? प्रथम साधे पाणी घातले. खरवड सुटली, पण चव भांडी विसळलेल्या पाण्याची आली. सफरचंदाच्या रसाने कोंबडीचा मुरंबा झाला. व्हिनेगरच्या वाफेने मला असा खोकला लागला की शेजारच्या क्लोतिल्दबाई खिडकीशी आल्या. म्हणाल्या, "काय हो ओक्ताव्ह, अख्ख्या गावाला पाजलीत, आणि त्या बिचाऱ्या कोंबडीला घोटभर देववत नाही होय?"

जुलैअखेर मळ्यात विरळणी केली. उरलेले घड नीट पिकावेत म्हणून जे हिरवे घड आपण छाटून जमिनीवर टाकतो, ते मी आजवर तुडवतच आलो. या वेळी एक मणी सहज तोंडात टाकला आणि डोळे मिटले, इतका आंबट. बादलीभर घड घरी आणले, चिरडले, रस गाळला आणि तापलेल्या पॅनमध्ये ओतला. खरवड विरघळली, आंबटपणा वाइनचा, वाइन मात्र नाही. क्लोतिल्दबाईंनी पॅन पावाने पुसून खाल्ला आणि शांतपणे सांगितले, "माझी आजी हेच घालायची. विचारलं असतंत, तर तेवढा खोकला वाचला असता."

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. ईस्टरला तू विचारलेस, "पपा, यात वाइन नाही ना?" मी 'नाही' म्हणालो. होती, अर्धा पेला. आचेवर उडून जाते, तुला कळणारही नाही, असे मी स्वतःला समजावले. एकाच घासात तू काटा खाली ठेवलास आणि चारचौघांत माझे खोटे उघडे न पाडता निघून गेलीस. मी मात्र सर्वांना सांगितले की तू नखरे करतेस. त्या सर्वांना मी काल खरे काय ते कळवले. रविवारी ये. माझ्या शब्दावर विसंबू नकोस; कोंबडी मी परतेन, रस आधी तू चाख आणि तुझ्याच हाताने ओत.

तुझाच,
पपा