दाराकडे तोंड केलेलं रेडकू

ईट, ता. भूम
६ मे

प्रिय हर्षाली,

'ते तिच्यापुढून काढून टाका.' तुझा एवढाच निरोप परवा तुझ्या आईच्या फोनवर आला. आईनं तो मला दोनदा वाचून दाखवला आणि तिसऱ्यांदा फोनच हातात दिला. चार वर्षांत तू मला थेट काही सांगितलेलं नाहीस. हेही थेट नव्हतंच, पण ते माझ्यासाठी होतं हे मला कळलं. उत्तर एका शब्दात देता आलं असतं: काढलं. पण त्याआधी इथं जे घडलं ते फोनवर सांगायला गेलो तर मी भाषण करीन. माझी सवय मला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. कागद टाळ्या वाजवत नाही.

आपली म्हैस चंद्री गुढीपाडव्यानंतर व्याली हे तुला आईनं सांगितलंच असेल. पारडी झाली होती. कपाळावर चंद्रीसारखाच पांढरा ठिपका. नऊ दिवस जगली, हगवण लागली आणि डॉक्टर दोनदा येऊनही वाचली नाही. त्या दिवसापासून चंद्रीनं पान्हा चोरला. कास दगडासारखी टणक, हात लावला की लाथ. गावातला एकजण पान्हा सोडवायचं इंजेक्शन घेऊन आला. त्याला मी फाटकातूनच परत पाठवला, वर जनावरांच्या छळावर पंधरा मिनिटं सुनावलं. मग धुळाप्पा आला. तो आणि त्याची बायको हरणाबाई दरवर्षी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात, तुला आठवत असतील. तो म्हणाला, "कातडं द्या गुरुजी, दोन दिवसांत उभं करून देतो." आणि मी हो म्हणालो. औषधानं फसवणं मला चालत नव्हतं, कातड्यानं चाललं. मेलेलं जनावर ओढायचं काम एकाच आळीच्या माथी मारायचं, याविरुद्ध मी आयुष्यभर बोललो; म्हणून सोललेलं रेडकू मी स्वतः ओढ्याकाठी पुरलं, आणि त्या कष्टाचा मला अभिमानही वाटला. चंद्री तेव्हा गोठ्यात बांधलेली होती. तिनं काही पाहिलं नाही, असं मी धरून चाललो.

माझं ते भाषण तुला पाठ असेल. वाशी, भूम, परंडा, कुठं केलं नाही ते? तीस वर्षं मी मेंदूवरची, उत्क्रांतीवरची पुस्तकं वाचत आलो आणि प्रत्येक व्यासपीठावर तोच दाखला देत आलो. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरा, म्हशीपुढे ठेवा, म्हैस पान्हा सोडते. मित्रहो, जी आई भुशाला भुलते तिला मन आहे असं मला सांगू नका! हशा हमखास. परंड्याच्या सभेला तू पहिल्या रांगेत होतीस, दहावीत असशील. सगळा मांडव हसला, तू हसली नाहीस. परतताना एसटीत तू विचारलंस, "अण्णा, ती भुलते हे तिला कुणी विचारलं का?" ते वाक्य मी पुढं कितीतरी सभांत विनोद म्हणून वापरलं. माझ्या लेकीचा भाबडेपणा म्हणून.

धुळाप्पानं कातड्याला मीठ चोळलं, पत्र्यावर उन्हात वाळवलं, गव्हाचा भुसा ठासून भरला आणि पोतं शिवायच्या दाभणानं पोट शिवलं. पायांत बाभळीच्या काठ्या. डोळ्यांच्या जागी सुतळीचे दोन टाके. ते गोठ्यात आलं तेव्हा आई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, आत गेली आणि तेव्हापासून गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही. मला वाटलं, वासानं असेल.

चंद्रीनं ते चाटलं. कपाळावरच्या ठिपक्यापासून शेपटापर्यंत, सावकाश, एक जागा न सोडता. कास सैल झाली आणि बादली भरली. माझा दाखला माझ्या गोठ्यात सिद्ध होत होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण चाटताना ती त्या रेडकाकडे बघत नव्हती. त्याच्या पाठीवरून ती माझ्याकडे बघत होती. पापणी न लववता, धार संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी अंग चोरून दुसऱ्या बाजूला बसलो. तिनं मान वळवली, जीभ चालूच ठेवली आणि पुन्हा मला शोधून काढलं. अशी नजर मी आधी कुठंतरी पाहिली होती. कुठं ते आठवायला मी तयार नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी रेडकू फिरलेलं होतं. मी ते तिच्या तोंडापुढे ठेवायचो, पण आता त्याचं तोंड घराच्या दाराकडे होतं. मी सरळ केलं. पाचव्या दिवशी पुन्हा दाराकडे. मी धुळाप्पावर ओरडलो. तो म्हणाला, "मला काय काम न्हाय का गुरुजी, मेल्यालं फिरवाया?" सहाव्या दिवशी उजाडताना मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यात बसलो. चंद्री उठली. नाकानं तिनं त्याचा मागचा भाग ढकलला, मग शिंगाच्या वळणानं पुढचे पाय ओढले; घाई नाही, रागही नाही, घरातली एखादी वस्तू जागच्या जागी लावावी तसं. सुतळीचे दोन टाके बरोबर माझ्यासमोर आले. मग ती खाली बसली आणि रवंथ करू लागली. माझा चहा निवला. मी बुद्धिवादी माणूस. भूत नाही, भानामती नाही, हे गावोगाव ओरडून सांगितलेलं आहे. हे भूत नव्हतंच. भूत असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं.

दुपारी तिला मोकळं सोडायचो, तर ती चरायची नाही. सरळ ओढ्याकाठी, मी पारडी पुरली होती त्याच जागी जाऊन उभी राहायची. वास, मी स्वतःला म्हणालो. म्हशीचं नाक आपल्यापेक्षा तिखट. चार दिवस तिथं उभी राहिली, पाचव्या दिवशी गेली नाही. ती वळली आणि वरच्या रानाच्या बांधाला लागली, जिथं ते एकटं हिवराचं झाड आहे. मी तीसेक पावलं मागं होतो. बाराचं ऊन होतं, सावली झाडाच्या बुडाशी गोळा झालेली, पाखरू नाही, वारा नाही. ती झाडाखाली थांबली, मान खाली घातली आणि जमीन हुंगली. मग नुकत्याच जन्मलेल्या रेडकासाठी म्हशी काढतात तसा आवाज तिनं काढला. तोंड मिटून, पोटातून, अगदी हळू. आणि तिच्या चारी सडांतून दूध गळू लागलं, हर्षाली. कुणी हात लावलेला नाही, समोर कातडं नाही, काही नाही. मे महिन्याच्या जमिनीवर दूध पडायचं आणि दिसेनासं व्हायचं. मला पुढं जाता येईना. मागंही जाता येईना.

किती वेळ गेला माहीत नाही. शेळ्यांमागून हरणाबाई आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मी म्हणालो की इथं तर पारडी पुरलेलीच नाही, हिला इथं वास कशाचा आला? ती माझ्याकडे बघून हसली, पण हसण्यासारखं नाही. "वास कशाचा गुरुजी? तुमी रोज दुपारी रान बघाया म्हणून येता, आन् इथंच थांबता. चपला काढून. तीन सालं झाली, म्या बी बघती, ती बी बघती. तुमी म्हणता आमी जनावर राखतो. ते तुमाला राखत असतंय." मी म्हणालो, ती तर भुशालाही भुलते. तशी हरणाबाई ठसक्यात म्हणाली, "भुलत न्हाय. कास ठणकती म्हणून सोडती, आन् तुमची लाज राखती. एवढं बुकं वाचून तेवढं बी कळंना व्हय?" शेळ्यांना हाळी देऊन ती चार पावलं गेली आणि वळली. "काय हाय तिथं, म्या इचारत न्हाय. तुमाला ठावं हाय, तिला ठावं झालंय. आता ज्याचं हाय त्याला सांगा."

त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला; गोठ्यातलं तुला आईनंच कळवलं असणार. काल सकाळी मी ते रेडकू उचललं, पोटाची शिवण उसवली, भुसा वाऱ्यावर सोडला आणि कातडं ओढ्याकाठी त्याच्या अंगाशेजारी पुरलं. चंद्री मागोमाग आली होती, दावं न लावता. मी माती लोटत असताना तिनं पहिल्यांदा माझ्यावरून नजर काढली. आता धार काढताना ती देईल तेवढंच घ्यायचं ठरवलंय. काल संध्याकाळी बादलीचा तळ झाकला, आज काहीच नाही. आईनं विचारलं नाही. पण आज सकाळी ती गोठ्यात आली आणि चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

आता ती नजर. ती मला आठवली आहे, किंवा मी कधी विसरलोच नव्हतो. चार वर्षांपूर्वी दवाखान्यातून तुला रिकाम्या हातांनी घरी आणून आठवडा झाला होता. दूध आटायच्या गोळ्या चालू होत्या, आईनं तुझ्या छातीला घट्ट फडकं बांधलं होतं, तरी तुझ्या कुडत्यावर ओला डाग यायचा आणि मी मान फिरवायचो. मग मीच सुचवलं की अमरसिंहच्या बाळाला तुझ्याजवळ आणू, तुझ्या भावाचंच लेकरू आहे, मन रमेल. तुला कुणी विचारलं नाही. सहा महिन्यांचं पोर आम्ही तुझ्या मांडीवर ठेवलं. तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास, हळूहळू, नीट, आणि आम्ही एकमेकांकडे पाहून म्हणालो, बघा, सावरली. पण तू त्याच्याकडे बघत नव्हतीस. त्याच्या डोक्यावरून तू माझ्याकडे बघत होतीस.

मी तुला सांगितलं होतं की बाळाची वाढ पुरी झालेली नव्हती, बघण्यासारखं काही नव्हतं, आणि जे करायचं ते दवाखान्यानंच केलं. खोटं आहे ते, तिन्ही खोटं. जन्मभर सत्य सांगायच्या गर्जना करणाऱ्या तुझ्या बापानं बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभं राहून एका मिनिटात ठरवलं की तुला हे झेपणार नाही. नर्स तुला दाखवायला निघाली होती, मी तिला थांबवलं. मुलगी होती. श्वास नव्हता, पण पूर्ण होती. डोकं भरून केस, ओले, कपाळाला चिकटलेले. पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, तुझ्यासारखं. आईनं शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून मी तिला जीपमधून मांडीवर आणलं आणि वरच्या रानात हिवराखाली ठेवलं. डोक्याकडे पांढरा दगड आहे. आईलाही जागा सांगितली नाही. मी क्षमा मागत नाही, कारण ती मागितली की ती द्यायचं ओझं तुझ्यावर येतं. फक्त जे तुझं होतं ते मी लपवून ठेवलं, ते परत करतोय. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर घरावरून यायची गरज नाही. ईटच्या स्टँडवर उतर, ओढा ओलांड आणि पाणंदीनं वर ये. तू बोलावल्याशिवाय मी फाटकाबाहेर पडणार नाही. चंद्री मात्र तिथं असेल, तिला हाकलू नकोस. आज दुपारीही ती तिथं गेली होती, पण हुंगायला मान खाली घातली नाही. झाडाकडे पाठ करून, पाणंदीकडे तोंड करून उभी होती. मी हे पत्र अजून लिहायलाही घेतलं नव्हतं.

तुझाच,
अण्णा