उन्हाची बाजू

३ मे, मंगळवार

लागलं! कॉलेजच्या यादीत एकोणिसावं नाव माझं. भूगर्भशास्त्र. लाँड्रीत जाऊन काकांच्या फोनवर पुन्हा बघितलं, कारण स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही. लाँड्रीवाल्या काकांनी इस्त्री उभी ठेवली आणि नाव मोठ्यांदा वाचलं. आई आतल्या टेबलावर चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "लांब आहे ना ते?" एवढंच. मग पुढची चादर घेतली.

पाच तासांचा रस्ता आहे. बसचा.

४ मे, बुधवार

कॉलेजचं पत्र आलं. २८ आणि २९ ला नव्या मुलांनी पालकांना घेऊन यायचं. शनिवारी वसतिगृह, ग्रंथालय, वर्ग दाखवणार. रविवारी ज्याचा त्याचा विभाग. रात्रीची सोय वसतिगृहातच. प्रवेश पक्का करायच्या कागदावर पालकाची सही हवी, ३१ च्या आत.

आईने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला. "बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. कसली जागा, कोण माणसं, खोलीला कडी आहे की नाही. मी स्वतः बघणार."

"जाशील कशी?"

तिने पत्राची घडी घातली.

घ्या. आई बघितल्याशिवाय सही करणार नाही आणि बघायला बसमध्ये बसणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

सहा वर्षांत ती कुठल्याच गाडीत बसलेली नाही. बस नाही, रिक्षा नाही, शेजाऱ्यांची स्कूटर नाही. दवाखाना चालत, बाजार चालत, माझी शाळा चालत. मामाच्या मुलीच्या लग्नाला पावणेतीन तास चालत गेली आणि पोचली तेव्हा लोक परत निघाले होते. मामी अजून ते सगळ्यांना रंगवून सांगते. आई पण हसते. पण बसत नाही.

६ मे, शुक्रवार

घरापासून बारा मिनिटांवरही एक कॉलेज आहे. तिथेही माझं नाव लागलंय, वाणिज्य शाखेत. आई आज सहज बोलल्यासारखं म्हणाली, "दगड शिकायला इतक्या लांब कशाला जायचं? दगड काय इथे नाहीत?"

काका इस्त्री फिरवता फिरवता म्हणाले, "दगडापेक्षा वीट मऊ."

दोघं हसले. मला हसू आलं नाही. चौथीपासून मी दगड गोळा करते आहे. कपाटाचा खालचा खण त्यांनीच भरलाय, आणि तो खण ओढताना दर वेळी आईच शिव्या घालते. तिला माहीत नाही असं नाही.

मी ठरवलंय. आज सहा. अठ्ठावीसला बावीस दिवस आहेत. रोज एकेक स्टॉप वाढवायचा. तिला सवय लावायची. वहीत तक्ता आखला, तारखा घातल्या, पुढे रकाने. आईला दाखवला. ती म्हणाली, "मी काय शाळेत आहे?" पण नाही म्हणाली नाही.

८ मे, रविवार

पहिला दिवस. आईने केस नीट बांधले, चांगले कपडे घातले. स्टॉपवर वीस मिनिटं उभी. बस आली, दांडा धरून चढली! मला वाटलं, जिंकलो.

मी खिडकीशी बसले. आई म्हणाली, तिथे नको. मग मी कडेला, ती खिडकीशी. मग म्हणाली, दाराजवळ आहे हे, मागे चल. मागे गेलो. मग मागे नको, पुढे चल. बस चालू, आम्ही दोघी हेलकावे खात पुढे-मागे. कंडक्टर म्हणाला, "बाई, बस आहे ही. संगीतखुर्ची नाही."

लोक हसले. आई दुसऱ्या स्टॉपला उतरली. घरी चालत आलो. तिने माझं मनगट धरलं होतं तिथे चार नखं उमटली आहेत.

अपघाताच्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. मी अकरा वर्षांची होते. तिघं बसमध्ये, बाबा, आई, मी. मी खिडकीशी बसले होते आणि तिथेच झोप लागली. मोठा आवाज झाला तेव्हा जाग आली, तर मी आईच्या मांडीवर होते आणि खिडकीशी बाबा. ट्रकने नेमकी तीच बाजू कापली. मला कपाळावर तीन टाके. आईला काही नाही.

सगळे म्हणतात, बाबांनी जागा बदलली म्हणून तू आहेस. बाबा होतेच तसे. झोपलेल्या पोरीला न उठवता अलगद उचलायचे.

१० मे, मंगळवार

आईला जास्तीचं काम. हॉटेलच्या चादरी आल्यात. तक्त्यात फुली.

१२ मे, गुरुवार

फुली.

१५ मे, रविवार

आज तीन स्टॉप गेलो. पण आई बसलीच नाही. बस अर्धी रिकामी आणि ती माझ्या सीटशेजारी दांडा धरून उभी, माझ्यावर वाकून, छत्रीसारखी. मी म्हटलं बस, लोक बघतायत. तिचा वरचा ओठ घामाने भिजला होता. तिसऱ्या स्टॉपला म्हणाली, "उतर. आधी तू उतर."

रस्त्यात माझं डोकं फिरलं. नको ते बोलले. म्हटलं, "बाबा गेले, त्यांच्यासाठी मला इथे पुरून ठेवणार आहेस का?"

आई थांबली नाही, वळली नाही, चालत राहिली. मी दहा पावलं मागे. घरी आल्यावर तिने चहा टाकला, माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा घेऊन गॅलरीत गेली.

१६ मे, सोमवार

सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "भाजी निवडून ठेव."

१७ मे, मंगळवार

शाळेच्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, दुसरं कोणी मोठं माणूस घेऊन जा, मामा वगैरे. मामाला विचारलं. तो लगेच तयार. पण आई म्हणाली, "मामा बघेल आणि मी सही करू? मामाला पंधरा वर्षांत स्वतःच्या घराची कडी नीट बसवता आली नाही."

हे मात्र खरं आहे.

मग तिने विचारलं, त्या कॉलेजचा मुख्य दरवाजा कुठल्या बाजूला आहे. पत्रातला नकाशा दाखवला. दरवाजा, वसतिगृह, मधलं मैदान, भूगर्भशास्त्राची बसकी इमारत. तिने लाँड्रीची चिठ्ठी घेतली, कपड्यांना टाचतात ती पिवळी, आणि मागच्या बाजूला बघून बघून सगळं उतरवलं. कशाला, म्हटलं. "असू दे. तू गेलीस तर तू कुठे आहेस ते मला कळायला नको?"

तू गेलीस तर. 'तर' म्हणाली. मी त्या 'तर'ला लोंबकळते आहे.

१९ मे, गुरुवार

समोरच्या मावशी जिन्यात भेटल्या. "काल तुझी आई बसमधून उतरताना दिसली गं, मोठ्या पुलाशी." मोठा पूल म्हणजे इथून नऊ स्टॉप. मावशींना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, परवा त्या मलाच पोस्टमन समजल्या होत्या. हो हो म्हटलं आणि वर आले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ऑपरेशन करून घ्या म्हणावं एकदाचं."

२२ मे, रविवार

मी म्हटलं, चल, आज पाच स्टॉप. आई म्हणाली, "तुझ्याबरोबर नाही जमत मला. सोड."

असं म्हणाली. तुझ्याबरोबर नाही जमत. म्हणजे मीच नडते आहे वाटतं. मीच तक्ता केला, मीच मागे लागले, मीच स्टॉपवर लोकांच्या नजरा झेलल्या. कोणासाठी? बरं, माझ्यासाठीच. पण तरी.

तक्ता फाडला.

२४ मे, मंगळवार

बारा मिनिटांवरच्या कॉलेजचा अर्ज भरला. गेटवर गर्दी, आत गर्दी. खिडकीतल्या माणसाने वर न बघता शिक्का मारला. आईने त्यावर तिथल्या तिथे, उभ्या उभ्या सही करायला हवी होती. ती म्हणाली, "ठेव टेबलावर. बघते." याच्यासाठी बघायचं काय आहे? हे तर तिच्या खिडकीतून दिसतं!

दगडांचा खण आज मीच ओढला, कोणी शिव्या घातल्या नाहीत. बाबांनी नदीवरून आणून दिलेला हिरवट दगड वर काढला. त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. मला अजूनही माहीत नाही. वाटलं होतं, तिथे जाऊन कोणाला तरी दाखवीन.

लांबच्या कॉलेजचा कागद पाकिटात घालून खणाच्या तळाशी ठेवला. दगडांखाली. बराच वेळ रडले, मग तोंड धुतलं.

२६ मे, गुरुवार

काका भेटले. म्हणाले, आईला सांग, अर्ध्या सुट्ट्या पुरे झाल्या, हॉटेलवाला ओरडतोय. आईला कधीपासून अर्ध्या सुट्ट्या लागायला लागल्या? विचारलं तर म्हणाली, दातांच्या डॉक्टरकडे जाते. कुठला दात, तर म्हणाली, "मागचा."

दात दुखत असेल तर सुट्टी घेऊन बसायची ती बाई नाही. लवंग धरून काम करते. पण माझ्यात भांडायचा जीव नाही. बोलत नाही मी फारशी. तीही नाही.

२७ मे, शुक्रवार

उद्या ते सगळे तिथे असतील. आपापल्या आईबाबांबरोबर.

२८ मे, शनिवार

उशिरा उठले. मुद्दाम. उठून तरी काय करायचं होतं? आई नाही. टेबलावर पिवळी चिठ्ठी: लवकर जाते, चादरी आहेत. जेवण झाकलंय.

सव्वाअकराला फोन आला.

"अगं, कडी आहे. चांगली जाड आहे. आतून आहे, बाहेरून पण आहे."

"कसली कडी?"

"खोलीची. वसतिगृहाच्या बाईंनी उघडून दाखवली. खिडकीतून मैदान दिसतं. संडास स्वच्छ आहेत, मी तिन्ही बघितले. आणि तुझ्या दगडांच्या इमारतीत इथल्या दारापासून चालत सहा मिनिटं लागतात. चालले मी."

मी खण ओढला. दगड एका बाजूला सरकवलेले. पाकीट नाही.

"सही करून दिली," आई म्हणाली. "त्यांनी पावती दिली आहे."

मी विचारलं, गेलीस कशी. "बसने. आणखी कशी? पहिल्या दिवशी एकाच स्टॉपला उतरले. रोज थोडी थोडी जात होते. मावशींना दिसले त्या दिवशी मेले होते मी भीतीने, तुला खरं वाटेल म्हणून."

"मग मला का नाही नेलंस?"

मागून मुलांचे आवाज येत होते. 

"त्या दिवशी तुझ्या तोंडावर ऊन येत होतं," आई म्हणाली. "तू झोपली होतीस. तुझ्या बाबांना मीच म्हटलं, तिला इकडे द्या, तुम्ही बसा उन्हात. ते म्हणाले, राहू दे, उठेल ती. मी म्हटलं, द्या हो. मी म्हटलं म्हणून ते उठले. मला बसची भीती नाही उरली गं. तू बरोबर असलीस ना, की तुला कुठे बसवू तेच मला कळत नाही."

खण उघडाच होता, मी हिरवा दगड उचलला.

"उद्या तुमचा विभाग दाखवणार आहेत. साडेबाराची बस आहे तुला. मी दरवाजाशी उभी राहीन. तू ये एकटी. कुठे बसायचं ते तुझं तू ठरव."

२८ मे, बस स्टँड

बारा वीस. बस जवळजवळ रिकामी. हिरवा दगड पिशवीत आहे. मी मधल्या जागेत किती वेळ उभी होते कोण जाणे, कंडक्टर म्हणाला, "ताई, सगळ्या जागा मोकळ्या आहेत. बसा की कुठेही."

खिडकीशी बसले. ऊन येतंय तोंडावर. येऊ दे.