शून्य पाण्यावरचा झेंडू

१४ सप्टेंबर, सकाळ
नोकरी सोडली ते बरंच झालं. शेतीचं भविष्य सेन्सरमध्ये आहे, हे ऑफिसातल्या एकाही मठ्ठाला कळत नव्हतं. कंपनीने डेमो किट दिलंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी जमवून रिझल्ट दाखवायचा. पटला, तर तालुक्याची एजन्सी माझी. मंजुषाने मात्र दसऱ्यापर्यंतचीच मुदत दिली आहे. नाही जमलं तर तिच्या भावाच्या, रविराजच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. नाशिकरोडला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कामगारांना नट-बोल्ट द्यायचे आणि वर रविराजची बोलणी खायची. मरेन, पण त्याच्या स्टुलावर बसणार नाही.

१६ सप्टेंबर
मखमलाबादला मळ्यात गेलो. थोरल्या भावाने, नाथादादाने दसऱ्यासाठी झेंडू लावलाय. त्यात किट बसवलं. दांडी मातीत, वर पांढरा डबा, डब्यावर हिरवा दिवा. माती सुकली की डबा आपोआप मोटर चालू करणार. ओली असेल तर बंद. सगळं मोबाईलवर दिसतं, त्यामुळे मळ्यात पाय ठेवायची गरजच नाही.
दादा म्हणाला, मोटर मी चालू करतो की, हात हायेत मला. हाच तो माइंडसेट. देश मागे का, तर यामुळे.
सगुणावहिनीला बजावलं, डबा नाजूक आहे, जिवापाड जपा. ती बरं म्हणाली. त्या घरात तेवढी एकच समजूतदार.

१९ सप्टेंबर
फोन केला. दादा म्हणाला, निंदायला बाया आल्या होत्या, पण तुझ्या डब्याला धक्का नाय. आवाजात कुजकेपणा होता. दुर्लक्ष केलं.

२३ सप्टेंबर
जबरदस्त! ओलावा सत्तर टक्क्यांच्या खाली येतच नाही. रोज सकाळी सातच्या सुमारास ग्राफ वर उडी मारतो, मग दिवसभर सावकाश उतरतो. मोटर एकदाही चालू झालेली नाही. मॅन्युअलमध्ये असलं काही लिहिलेलं नाही. म्हणजे हा माझा शोध. जमीन पहाटे स्वतःच खालून पाणी ओढून घेते. आजवर शेतकऱ्यांनी उगाचच पाणी दिलं.

२८ सप्टेंबर
मळ्यात चक्कर. बूट नवे, म्हणून बांधावरूनच पाहिलं. झेंडू कमरेला लागतोय, कळ्याच कळ्या. डबा दिसलासुद्धा नाही, इतकी झाडं माजली आहेत. सऱ्यांमध्ये चिखल होता. दव असणार. मोटरचा पाईपही ओला होता. गळका आहे, बदलून घे, असं दादाला सुनावलं. त्याने तोच पाईप उचलून पुढच्या सरीत टाकला. पटलं असावं.

३ ऑक्टोबर, घटस्थापना
प्रेझेंटेशन तयार. नाव: शून्य पाण्यावर झेंडू. मंजुषाने वाचलं आणि म्हणाली, अहो, घटातलं धान्यसुद्धा पाण्याशिवाय उगवत नाही. घरातच असली निगेटिव्ह माणसं असल्यावर बाहेरच्यांना काय दोष द्यायचा. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंही नाही, याचा जास्त राग आला.

७ ऑक्टोबर
शेजारच्या मळ्यातला मोतीराम पंचवटीत भेटला. म्हणाला, नाथाची मोटर तर रोज सकाळी चालती, आवाज येतो ना आमच्याकडं. जळतो मेला. तरी संशयाला जागा नको म्हणून तडक मळ्यात गेलो. दादा बाजारात फुलं घेऊन गेला होता. मोटरच्या पेटीतले तिन्ही किटकॅट फ्यूज उपसले आणि खिशात टाकले. आता फ्यूजच नाही तर मोटर चालणार कशी? शुद्ध डेमो. दुपारी दादाचा फोन आला. काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. ब्लॉक केला.

१० ऑक्टोबर
उद्या डेमो. ओलावा बाहत्तर टक्के. रविराजला मुद्दाम निमंत्रण दिलं. बघू दे डोळे फाडून.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
गर्दी चांगली जमली. कंपनीचे साहेब आले. झेंडू पिवळाधमक. मी भाषण केलं, टाळ्याही पडल्या. मग साहेब म्हणाले, सेन्सर दाखवा. अख्खा प्लॉट पालथा घातला. सापडेना. साहेबांनी त्यांच्या मोबाईलवर बटण दाबलं, तर डबा वाजला घरासमोरच्या तुळशी वृंदावनात. वर हळदीकुंकू, एक फूल.
वहिनी म्हणाली, भाऊजी, तुम्हीच तर बोलले जिवापाड जपा. बायांच्या खुरप्याखाली आला असता, म्हणून तुळशीपाशी रोवला. सकाळी तुळशीला पाणी घालते ना, त्यालाबी घालते.
साहेबांनी तांब्याभर पाणी ओतलं. ग्राफने उडी मारली. मोठ्या स्क्रीनवर. मोतीरामने विचारलं, हे फक्त तुळशीला चालतं का कढीपत्त्यालाबी? रविराज इतका हसला की खुर्ची सोडून खाली बसला.
दादा हसला नाही. त्याने सगळ्यांसमोर मोटरची पेटी उघडली. किटकॅटच्या जागी उघड्या तारा अडकवलेल्या. म्हणाला, चार दिवस या तारांवर मोटर चालवतोय. शॉक लागून पडलो असतो, तर ते दिसलं असतं का तुझ्या मोबाईलवर?
इनपुट चुकीचं होतं. टेक्नॉलॉजी निर्दोष आहे. असं साहेबांना गाडीपर्यंत जाऊन समजावलं. त्यांनी काच वर केली.

१२ ऑक्टोबर, दसरा
मळ्यातून हार आला नाही. मंजुषाने कोपऱ्यावरून विकत आणला.

१४ ऑक्टोबर
हे तात्पुरतं आहे. मार्केट स्टडी म्हणून दुकानात बसतोय. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, रविराजला माहीत असणार.
पहिलं गिऱ्हाईक दादा. माझ्याकडे न बघता म्हणाला, तीन किटकॅट दे. मी खिशातून तेच काढून पुढे ठेवले. रविराजने मला बिल करायला लावलं. दादाने पैसे टाकले.
जाताना दारात थांबला. म्हणाला, तुझी वहिनी विचारत होती, तो डबा परत न्यायचा का राहू द्यायचा? सकाळी हिरवा दिवा दिसला की तिला बरं वाटतं.
राहू दे म्हटलं.
तो गेल्यावर रविराजचं लक्ष नाही बघून ॲप उघडलं. ओलावा एकाहत्तर टक्के. मोटर बंद. तुळस उत्तम आहे.