लॅमिंग्टनच्या वजनाइतकं

१ जून, रविवार

फेब्रुवारीपासून इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागतोय हा प्रश्न लिहितालिहिताच पडला, कारण वही माझी आणि वाचणाराही मीच. तरी मागतो. लोकांना शिस्त शिकवणाऱ्याने स्वतःची रोजनिशी एवढे दिवस बंद ठेवणं बरं नाही. कारण: उन्हाळा होता. नंतरचं कारण: उन्हाळा संपला.

आज पुन्हा सुरू करण्याचं निमित्त मोठं आहे. काल आमच्या बिंडारा गावच्या हॉलच्या समितीची बैठक झाली. मंगळवारची संध्याकाळ एकच आणि मागणारे दोन: फिटनेस कोच म्हणून मी, आणि रांगेने नाचायचं लाइन डान्सिंग शिकवणारी डोरीन. तासभर घासाघीस होऊन असं ठरलं की मी आठ आठवड्यांचं आहार चॅलेंज चालवायचं. गावाचं वजन उतरलं तर मंगळवार वर्षभर माझा. नाही उतरलं तर डोरीनचा. गावात दुसरी जागा नाही. मंगळवार गेला तर माझं कोचपण गेलं, आणि सासऱ्यांच्या पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायला उभं राहावं लागेल. सासरे हे दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा खुशीत.

नरेलला सांगितलं. बायको म्हणून ती पाठीशी आहेच. म्हणाली, ग्लेन, आधी स्वतःकडे बघशील का? माझ्या पाठदुखीबद्दल बोलत असावी.

३ जून, मंगळवार

चौदा जण आले, मला धरून. क्रीडाविज्ञानाची पदवी घेतली त्या दिवसापासून अशा गटाची वाट बघत होतो.

अडचण एकच: वजनकाट्यावर उभं राहायला कोणीही तयार नाही. हॉलची चावी सांभाळणाऱ्या मर्लबाई सगळ्यांत वयस्कर. त्या म्हणाल्या, बाळा, माझं वजन जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि माझ्या नवऱ्याला, आणि तो बिचारा मरेपर्यंत चुकीचंच धरून चालला होता. बाकीच्यांनी माना हलवल्या.

तोडगा नेव्हने काढला. नेव्ह गुरांचा दलाल. म्हणाला, अरे, आम्ही गुरं काय एकेकटी उभी करतो का काट्यावर? अख्खा कळप आत घालायचा, दार लावायचं, एकच आकडा बघायचा. कोणाचं किती ते कोणाला कळत नाही, गाईलासुद्धा नाही.

आधी मला हे अपमानास्पद वाटलं. मग विचार केला, अपमान नेमका कोणाचा? उत्तर मिळालं नाही, म्हणून होकार दिला.

७ जून, शनिवार. सकाळ

गुरांच्या बाजारातल्या मोठ्या काट्यावर चौदा माणसं उभी राहिली. संघभावना म्हणून मी सर्वांत पुढे. इथला जून म्हणजे हिवाळा, थंडी कडाक्याची, तोंडातून वाफ निघत होती, त्यामुळे दृश्य थोडं बाजारासारखं दिसलं हे खरं. आकडा इथे लिहीत नाही. एकत्रित असला तरी तो खासगी आहे.

मग नेव्हने शेजारच्या कुंपणात बांधलेलं वासरू दाखवलं. आई गेलेलं, बाटलीच्या दुधावर वाढवतोय. तपकिरी अंग, त्यावर खोबरं भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मर्लबाईंनी तिथल्या तिथे नाव ठेवलं: लॅमिंग्टन, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या केकवरून. म्हणाल्या, आठ आठवडे एवढंच लॅमिंग्टन बघायला मिळणार आहे, बघून घ्या.

मला तिथेच कल्पना सुचली. अशा कल्पना सुचणं हाच कोच आणि साध्या शिक्षकातला फरक. मी जाहीर केलं की आपण सगळे मिळून या वासराइतकं वजन उतरवू. शेवटच्या दिवशी याच काट्यावर आपण उभे राहू, शेजारी लॅमिंग्टन उभा राहील, आणि तरीही आकडा आजच्या आकड्यापेक्षा जास्त भरणार नाही.

नेव्हने टोपी मागे सारली. म्हणाला, पक्कं का, गड्या? शेवटच्या दिवशी हाच लॅमिंग्टन?

मी म्हटलं, हाच. कोच शब्द फिरवत नाही.

सगळ्यांत जास्त टाळ्या डोरीनने वाजवल्या. प्रतिस्पर्धी असून हे मोठेपण. तिचं बालपण गोठ्यात गेलंय, अशी माणसं मनाने मोकळी असतात.

१० जून, मंगळवार

आहारावर बोललो. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं. बोलणं संपल्यावर मर्लबाईंनी चहाची टाकी सुरू केली आणि टेबलावरचं कापड उचललं. खाली स्कोनचे छोटे पाव, साय, जॅम, दोन केक.

मी म्हटलं, मर्लबाई, हे आहार चॅलेंज आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण हा हॉल आहे. या हॉलमध्ये सपरचा चहा-फराळ झाल्याशिवाय बैठक उठलेली नाही. पूर आला तेव्हासुद्धा आम्ही खुर्च्यांवर पाय घेऊन खाल्लं. कोणी कधी काय आणायचं ती सपरची पाळी भिंतीवर लावलीय, डिसेंबरपर्यंतची.

वाद वाढवला नाही. भिंतीवरच्या पाळीशी भांडून गावात कोणी टिकलेलं नाही. मध्यम मार्ग काढला: सपर चालेल, मात्र प्रत्येक पदार्थात भाजी हवी. माझ्या मते हा डावपेच आहे. भाजी घालायची म्हटल्यावर मंडळी आपोआप सॅलडकडे वळतील.

१७ जून, मंगळवार

वळली नाहीत. भोपळ्याचे स्कोन, गाजराचा केक, झुकिनीचा चीजवाला केक. इयनने आणलेल्या सॉसेज रोलमध्ये किसलेलं गाजर होतं, असं इयनचं म्हणणं. तो ट्रक चालवतो, म्हणून आधी शंका आली. शंका घेणं बरोबर नाही, म्हणून खाऊन पाहिलं. पहिल्यात सापडलं नाही. तिसऱ्यात सापडलं.

नियम मी केला तर पडताळणीही मीच करायला हवी. प्रत्येक पदार्थाची चव घेऊन भाजी आहे की नाही ते जाहीर केलं. उरलेलं सगळं घरी आणलं, म्हणजे मंडळींना मोह नको. त्यांच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं.

२२ जून, रविवार

धुलाई यंत्र बिघडलंय. माझ्या ट्रॅकपँट आटल्या. दोन्ही. नरेलला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्याच बऱ्या आटतात, माझ्या नाही आटत. कापडाच्या दर्जाचा फरक असेल.

२४ जून, मंगळवार

मर्लबाईंनी पॅव्हलोव्हा आणला: साखरेत फेटलेल्या अंड्याचा डोंगर, वर साय. मी म्हटलं, यात भाजी कुठाय? त्यांनी शिखरावरचं पुदिन्याचं पान दाखवलं.

प्रश्न अवघड होता. पुदिना भाजी आहे का? आहे म्हटलं तर नियमाचं काय उरलं? नाही म्हटलं तर उद्या कोथिंबिरीचं काय करायचं? शेवटी पालेभाजीत धरला. तोंडावर नकार द्यायची माझी तयारी होती, पण तोंड भरलेलं होतं.

हॉल खचाखच. चॅलेंजमध्ये नसलेलेही पंधरावीस जण सपरच्या वेळेला डोकावून जातात. आहाराबद्दल गावात एवढं कुतूहल असेल असं वाटलं नव्हतं.

२ जुलै, बुधवार

प्रेरणेसाठी लॅमिंग्टनचा ताजा फोटो काढायला नेव्हकडे गेलो. वासरू मजेत आहे. नियमित वेळा, भरपूर प्रथिनं, साखर शून्य. ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं: याच्याकडून शिका. डोरीनने अंगठा दाखवला. ती ग्रुपमध्ये कशी आली माहीत नाही.

नेव्हने विचारलं, अंगाने कसा भरलाय बघितलंस ना? मी म्हटलं, उत्तम. नेव्हने वासराच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, तू शहरात शिकलास ना रे? मी म्हटलं, हो, ब्रिस्बेनला. तो म्हणाला, हं.

गावात पदवीबद्दल अजून आदर आहे.

१२ जुलै, शनिवार

एक नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. मंगळवारच्या सपरचं उरलेलं शनिवारपर्यंत पुरतं. ते मीच खातो, कारण टाकणं पाप आणि नरेल हात लावत नाही. याचा माझ्यावर काही परिणाम होत असेल का? बसून विचार केला. चांगला तासभर केला, बिटाच्या चॉकलेट केकबरोबर. निष्कर्ष: बीट लोहयुक्त आहे, आणि मी काम म्हणून खातो, आवड म्हणून नाही.

तरी शंका उरली, म्हणून घरचा काटा काढला. सेल संपलेला. उद्या नवीन आणायचा.

१३ जुलै, रविवार

दुकान बंद.

२० जुलै, रविवार

आज नेव्हच्या कुंपणावरून जाताना एक दांडगं जनावर दिसलं. अंगावर ठिपके. नेव्हला विचारलं, लॅमिंग्टनचा मोठा भाऊ का? तो म्हणाला, लॅमिंग्टनच आहे. मी म्हटलं, एवढा? तो म्हणाला, ग्लेन, वासरू आहे ते. त्याचं कामच ते.

घरी आलो. बसलो. उठलो. पुन्हा बसलो.

मग शांतपणे विचार केला. वासराचं वजन म्हणजे अर्थात तेव्हाचं वजन. कोणत्याही समंजस माणसाला हे न सांगता कळेल. हाच लॅमिंग्टन असं मी म्हणालो होतो, पण ते भावनेच्या भरात. काळजीचं कारण नाही. शिवाय मंडळी खरंच बारीक दिसतायत. मर्लबाईंच्या बोटात अंगठी फिरते. इयनने पट्ट्याला नवं भोक पाडलंय. मी पण पाडलं, बाहेरच्या बाजूला. माझा पट्टा आटलाय.

२९ जुलै, मंगळवार

शेवटची बैठक. आज फक्त सूप, असं मी खडसावून सांगितलं होतं. सूपच होतं. भोपळ्याचं. सोबत चीज घातलेला भाजका पाव, भोपळ्याचे स्कोन, आणि निरोपाचा म्हणून भोपळ्याचाच टार्ट. सगळ्यांची भाजी पडताळली. मर्लबाई म्हणाल्या, बाळा, आम्हालाही काही राहू दे. विनोदी बाई.

शनिवारी आपणच जिंकणार. हॉलच्या फळ्यावर पुढच्या वर्षभराचं वेळापत्रक लिहून आलो. शाई पक्की आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

अर्धं गाव बाजारात. डोरीन आणि तिची मंडळी नाचाचे बूट घालूनच आलेली. आम्ही चौदा जण काट्यावर चढलो. नेव्हने लॅमिंग्टनला आणलं. आणलं म्हणजे तिघांनी मागून ढकललं. तो आत आल्यावर आम्हाला कडेला चिकटून उभं राहावं लागलं आणि इयनच्या पायावर त्याचा खूर पडला. नेव्हने दार लावलं. आकडा चढत गेला. थांबेल असं वाटलं त्याच्या बराच पुढे जाऊन थांबला.

मी म्हटलं, हे अन्यायाचं आहे, तेव्हाचं वासरू धरायला हवं. माझ्या आवाजात विनवणी होती असं नरेल नंतर म्हणाली. सासरे म्हणाले, कोच शब्द फिरवत नाही ना? लोक हसले. पण डोरीन म्हणाली, जाऊ द्या हो, लहान वासरूच धरा, मला नाचून जिंकायचंय, वासरावर बसून नाही.

लॅमिंग्टनला बाहेर काढलं. त्याचं तेव्हाचं वजन नेव्हच्या ध्यानात होतंच. दलालाला ते विसरता येत नाही. पुन्हा आकडा बघितला. नेव्ह बोटांवर हिशोब करून म्हणाला, थोडक्यात हुकलं, मित्रांनो. एक मोठा भोपळा कमी पडला.

मग एकेकाचं तोंड उघडलं. मर्लबाई म्हणाल्या, मी घरी रोज बघते, माझं तर चांगलं उतरलंय. इयन म्हणाला, माझं पण. बाकीचे म्हणाले, आमचं पण. सगळे घरी बघत होते. सगळ्यांचं उतरलं होतं. तेरा जणांचं.

मी म्हटलं, मग हा भोपळा कोणाकडे आहे?

उत्तर लॅमिंग्टनने दिलं. त्याने कुंपणातून मान घातली, माझ्या कोटाच्या खिशात तोंड खुपसलं आणि कागदात गुंडाळलेला बिटाचा केक बाहेर ओढला. तो फक्त वाटेत भूक लागली तर म्हणून होता.

नरेल म्हणाली, धुलाई यंत्राला काही झालेलं नाही, ग्लेन. आठ आठवडे हेच सांगायचं होतं, पण तू ऐकतोस कुठे.

मर्लबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, मन खट्टू करून घेऊ नकोस. आम्ही बारीक कशामुळे झालो? भाजतोय आम्ही आणि खातोयस तू. दर मंगळवारी आम्हाला चहा तेवढा मिळायचा. आमच्यासाठी एवढं कोणी खाल्लं नव्हतं रे.

म्हणजे योजना यशस्वीच झाली, असं म्हणता येईल. तसं म्हणून बघितलं. तोवर मंडळी डोरीनकडे वळली होती.

३ ऑगस्ट, रविवार

मंगळवार डोरीनचा. हॉलच्या फळ्यावरची शाई घासायला सकाळी गेलो, गेली नाही. आता वर्षभर माझं वेळापत्रक दिसेल आणि खाली लोक नाचतील.

चॅलेंजमधले सगळे डोरीनकडे नाव नोंदवून आले. नरेलनेही नोंदवलं, स्वतःचं आणि माझं. मी म्हटलं, मला विचारलं नाहीस. ती म्हणाली, तू मागच्या रांगेत उभा राहा, कोणी बघत नाही. सासऱ्यांकडे गुरुवारपासून जायचं. त्यांनी पोतं कसं उचलायचं ते फोनवर समजावलं. गुडघे वाकवायचे, पाठ नाही. मला माहीत होतं. मी ते शिकवायचो. तरी ऐकून घेतलं.

दुपारी नेव्ह येऊन गेला. म्हणाला, लॅमिंग्टन विकणार नाही, ठेवतोय. गावात त्याच्याइतकं शिस्तीत कोणी खाल्लं नाही.

स्वतःशी खरं बोलायचं तर मला थोडं हलकं वाटतंय. वजनाने नव्हे. सेल काल मिळाले, काटा चालू आहे, म्हणून हे खात्रीने लिहू शकतो.

संध्याकाळी मर्लबाईंचा फोन. नाचाच्या वर्गालाही सपर आहे. भिंतीवर नवी पाळी लावलीय, पहिलं नाव माझं. म्हणाल्या, बाळा, खाऊन झालं, आता एकदा भाजून बघ. भोपळ्याचे स्कोन कर, सोपे असतात.

उद्या: भोपळा आणणे.