चौथी फळी

धाकट्या,

पुराच्या फळ्या दाराच्या खाचांत बसवल्या आहेत. तू काल फळ्यांच्या कडेचं रबर आतल्या बाजूला ठेवलं होतंस, ते गल्लीकडे हवं. सगळ्या काढून पुन्हा लावताना माझी कंबर कामातून गेली. बाहेर जाशील तर वरून पाय टाकून जा, फळी काढू नकोस.

फळ्या तीनच आहेत. चौथी शोधत बसू नकोस. गल्लीचा उतार समोर, काकांच्या घराकडे आहे. आपण अडवलेलं पाणी त्यांच्या उंबऱ्यात जाणार, हे मिस्त्री माप घेतानाच बोलला होता. आपण दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चौथी मी त्यांच्या दाराला लावून आलोय. तिकडे खाचा नाहीत, म्हणून वाळूची पोती टेकवलीत.

संध्याकाळपर्यंत पाणी चढेल म्हणतात. खालचं कपाट रिकामं करून ठेव. मला डबल पाळी आहे. शिव्या उद्या घाल, आज ऐकायचंही त्राण नाही.

तू काकांशी भांडलास तेव्हापासून काकू माझ्याशीही बोलत नव्हती. आज दारात येऊन तिने एवढंच विचारलं, "धाकट्याने पाठवली का रे?"

मी हो म्हणून बसलोय. आता मला खोटं पाडू नकोस.

दादा