कल्याण अधिकाऱ्याच्या टेबलावर सात लेकरं

केसरबाईस,

धाकट्या श्रीहरीचा सविनय जयभीम. इकडे मी खुशाल आहे (एक गुडघा सोडून). तुझी कंबर आणि चिमूरची तुझी बालवाडी, दोन्ही धडधाकट असाव्यात.

माझ्या नव्या नोकरीचं तू विचारलंस. प्लायवूडच्या कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी आहे, पण कल्याण म्हणजे नेमकं काय, हे दोन महिने कोणालाच ठाऊक नव्हतं (मलाही). बायांची हजेरी घसरलेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, दोन महिन्यांत सुधारा, नाहीतर हे पदच काढून टाकतो. मी नागपूरच्या डिप्लोम्याची वही उघडली आणि रोज सकाळी सामूहिक कवायत सुरू केली. पहिल्याच दिवशी उडी मारून दाखवताना लाकडाच्या भुशात गुडघ्यावर आपटलो. बाया पोट धरधरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच गैरहजर.

शेवटी लंगडत शकुबाईच्या घरी गेलो. प्लाय वाळवायच्या खात्यातली ही सर्वांत तरबेज बाई, अन् आठवड्यातून तीन दिवस गायब. विचारलं, "कामावर काऊन येत नाई, बाई?" तिनं कडेवरचं पोर सरळ माझ्या हातात दिलं.

"साहेब, पाळी आठले लागते, पाळणाघर धाले उघडते. दोन घंटे याले कुठी ठेवू? तुमच्या हापिसात?"

ती चिडून बोलली होती. मी हो म्हणून बसलो.

तेव्हापासून आठ ते दहा माझ्या टेबलावर तिचं आणि बाकीच्या बायांची मिळून सात लेकरं असतात. दोन फायलींवर झोपतात, एक हजेरीचं रजिस्टर चघळतं. परवा मॅनेजरसाहेब मुख्य कचेरीच्या मोठ्या साहेबांना घेऊन अचानक आत आले, तेव्हा मी घोडा झालो होतो आणि पाठीवर दोन स्वार होते. नोकरी गेली असं समजून मी तसाच ओणवा राहिलो (उठायला गुडघाही तयार नव्हता). तेवढ्यात शकुबाई दारातून म्हणाली, "साहेब, महिना झाला, माहा एकबी खाडा नाई. बाकीच्या बायाईलेबी इचारा."

मोठ्या साहेबांनी रजिस्टर मागवलं (जेवढं उरलं होतं तेवढं). हजेरी जवळजवळ पूर्ण, माल वेळेवर रवाना. त्यांनी तिथेच पाळणाघर आठला उघडायचा हुकूम दिला आणि माझं पद कायम केलं. केसरबाई, पाठीवर पोरं घेऊन मी रडलो.

भाऊजींना जयभीम, भाच्यांना पापे.

तुझा,
श्रीहरी

ता. क. पाळणाघर सांभाळायला आठला येणारी अनुभवी बाई कोण मिळेल, असं साहेबांनी विचारलं. माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. सोमवारी हजर व्हायचं आहे.

आणखी एक ता. क. भाऊजींना पत्र वाचून दाखवताना माझ्या सहीपाशी थांब.